जिंकायची सवय लागलेल्या संघाकडून प्रेक्षकांनी किती मागावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अमेरिकेत नॉर्थ डकोटा विद्यापीठात विमानचालन शिकते. तिच्यामुळे आम्ही घरचे सगळेच तिथल्या आइस हॉकीचे सामने बघायला लागलो. २०२४-२५ च्या मोसमात संघाने २१ सामने जिंकले, तरी मोसम संपल्या संपल्या मुख्य कोचला काढून टाकलं आणि तिथल्या बऱ्याच लोकांना ते बरोबरच वाटलं. विद्यार्थ्यांच्या संघाकडून एवढी अपेक्षा ठेवणं रास्त आहे का? आणि नव्या कोचला किती वेळ द्यायला हवा?

उत्तर:

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्याच एका दुसऱ्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षं सीझन तिकिटांचं काम बघते. संघ शनिवारी हरला की सोमवारी सकाळी लोक कोचला नाही, आम्हाला फोन करतात. त्यामुळे प्रेक्षकांचा राग मी रोजच्या कामात बघितलाय, आणि त्या रागाबद्दल मला आदरही आहे.

आधी थेट उत्तर देते. नॉर्थ डकोटासारख्या संघाने दर मार्चमध्ये देशातल्या पहिल्या सोळांत असलंच पाहिजे, ही मागणी शंभर टक्के रास्त आहे. दर दोन-तीन वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलंच पाहिजे, ही मागणी रास्त नाही. लोक या दोन्ही मागण्या एकाच दमात बोलतात, आणि बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात.

ही अपेक्षा आली कुठून, ते आधी बघू. हे विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या ग्रँड फोर्क्सची लोकसंख्या साठ हजारांच्या आत. नॉर्थ डकोटा राज्यात वरच्या पातळीचा एकही व्यावसायिक संघ नाही. ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना हॉकीचा. आणि त्या गावात २००१ साली राल्फ एंगलस्टॅड अरीना उभी राहिली. राल्फ एंगलस्टॅड हे याच विद्यापीठाचे जुने गोलकीपर. पुढे लास व्हेगासमध्ये त्यांनी कॅसिनो काढला, पैसा कमावला आणि दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चाची ही रिंक बांधून दिली. चामड्याच्या खुर्च्या, ग्रॅनाइटची फरशी, साडेअकरा हजारांवर प्रेक्षकांची सोय. रिंक भरली की गावाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एका छपराखाली बसलेला असतो. अर्थात त्यात फार्गोहून आणि आजूबाजूच्या शेतीच्या गावांतून गाडी हाकत आलेलेही भरपूर असतात.

त्यात इतिहासही तसाच. आठ राष्ट्रीय विजेतेपदं: १९५९, १९६३, १९८०, १९८२, १९८७, १९९७, २००० आणि २०१६. यातलं १९९७ जुन्या लोकांच्या मनात वेगळ्याच जागी आहे. मार्चमध्ये संघ जिंकून घरी आला आणि एप्रिलमध्ये रेड नदीला पूर आला. जवळजवळ अख्खं गाव रिकामं करावं लागलं, बाजारपेठेतल्या इमारतींना आगी लागल्या. ज्यांचं घरदार त्या पाण्यात गेलं, त्यांना त्या वर्षीचं शेवटचं चांगलं काय आठवतं, हे विचारायची गरज पडत नाही. अशा गावात हॉकी हा विद्यापीठाचा एक उपक्रम राहत नाही. संघाचं ‘फायटिंग सू’ (सू ही तिथली मूळनिवासी जमात) हे नाव मूळनिवासींच्या आक्षेपांनंतर २०१२ मध्ये काढलं गेलं, २०१५ मध्ये ‘फायटिंग हॉक्स’ निवडलं गेलं. तरी राष्ट्रगीताच्या शेवटच्या ओळीला जुनं नाव मोठ्याने ओरडायची प्रथा प्रेक्षकांनी सोडली नाही. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद, आणि माझ्या मते आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं होतं. पण संघ विद्यापीठाचा नसून आपला आहे, असं त्या लोकांना मनापासून वाटतं, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मुंबईचा रणजी संघ. ४२ विजेतेपदं, आणि उपविजेतेपद म्हणजे अपयश. २०१५-१६ नंतर पुढचा चषक यायला २०२४ उजाडलं, तेव्हा मधल्या वर्षांत ‘मुंबई क्रिकेट संपलं’ म्हणणारे काही कमी नव्हते. पण एक मोठा फरक आहे. रणजीचा बाद सामना चार-पाच दिवस चालतो. चांगल्या संघाला एक वाईट सत्र धुऊन काढायला वेळ मिळतो. कॉलेज हॉकीत साठ मिनिटं, एकच सामना, हरलात की घरी.

इथे थोडं गणित करू, कारण अपेक्षांची बहुतेक गडबड गणिताची आहे. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ. चार ठिकाणी चार-चार संघांची विभागीय फेरी होते. तिथे सलग दोन सामने जिंकले की शेवटच्या चारांत, म्हणजे ‘फ्रोझन फोर’मध्ये. तिथे आणखी दोन जिंकले की चषक. समजा तुमचा संघ इतका चांगला आहे की या तगड्या संघांविरुद्धही प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ६५ टक्के आहे. हे फार उदार धरलंय. तरी चारही सामने ओळीने जिंकण्याची शक्यता येते साधारण १८ टक्के, म्हणजे साडेपाच वर्षांतून एकदा. शक्यता ६० टक्के धरली तर १३ टक्क्यांवर येते. दर वर्षी स्पर्धेत जाणाऱ्या, दर वर्षी समोरच्यापेक्षा सरस असणाऱ्या संघाची ही गोष्ट.

डेन्व्हरचं २०२४ चं विजेतेपद बघा. मॅसॅच्युसेट्सला २-१ हरवलं, तेही दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, जिथे पहिला गोल करणारा जिंकतो. कॉर्नेलला २-१. उपांत्य फेरीत बोस्टन युनिव्हर्सिटीला २-१, पुन्हा ओव्हरटाइम. अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजला २-०. चार सामन्यांत डेन्व्हरवर फक्त तीन गोल झाले, कारण गोलकीपर मॅट डेव्हिस त्या तीन आठवड्यांत भिंतीसारखा उभा होता. दोनदा तर असं होतं की एक पक (हॉकीची रबरी चकती) कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेली असती तर डेन्व्हर घरी, आणि आज त्यांचं दहावं विजेतेपद नसतं. २०२३ मध्ये मिनेसोटाचं उलट झालं. वर्षभर देशातल्या सर्वोत्तम संघांत गणना, अंतिम फेरी ओव्हरटाइममध्ये गेली आणि दहाव्या सेकंदाला क्विनिपियाकने गोल केला. दहा सेकंद. मिनेसोटाचे प्रेक्षक २००३ पासून चषकाची वाट बघतायत. त्या गोलवरून तो संघ किंवा तो कोच वाईट होता, असं हॉकी कळणारा कुणी म्हणणार नाही.

आता नॉर्थ डकोटाचीच दोन कोचांची कहाणी, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे.

डेव्ह हॅक्स्टॉल २००४ ते २०१५ अशी अकरा वर्षं कोच होते. अकराही वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. त्यातल्या सात वर्षी फ्रोझन फोरमध्ये. विजेतेपदं शून्य. २००५ मध्ये अंतिम फेरीत डेन्व्हरकडून हार. पुढची तीन वर्षं ओळीने उपांत्य फेरीत बोस्टन कॉलेज समोर: ६-५, ६-४, ६-१. २०११ मध्ये मिशिगनविरुद्ध चाळीस शॉट मारले, त्यांच्या हनविक नावाच्या गोलकीपरने चाळीसही अडवले, ०-२ हार. २०१४ मध्ये मिनेसोटाविरुद्ध १-१ बरोबरी, सामना ओव्हरटाइमला चाललाय असं सगळ्यांनी धरलेलं, आणि ०.६ सेकंद बाकी असताना गोल खाल्ला. तोही मिनेसोटाचा एक खेळाडू पेनल्टीत बाहेर बसलेला असताना. २०१५ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीकडून ३-५.

त्या काळात ‘हॅक्स्टॉल मोठा सामना जिंकू शकत नाही’ हे वाक्य ग्रँड फोर्क्समध्ये सर्रास ऐकू यायचं. माझं मत विचाराल तर त्यात थोडं तथ्य होतं, पण फार थोडं. बोस्टन कॉलेजकडून तीनदा हरणं हे निव्वळ नशीब नव्हतं. तीनही सामन्यांत सहा-सहा गोल खाल्ले, त्यांचा वेग नॉर्थ डकोटाच्या बचावाला झेपत नव्हता, आणि हे एकदा कळल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उत्तर शोधायला हवं होतं. ही टीका योग्य. पण चाळीस शॉट अडवणारा गोलकीपर आणि सहा दशांश सेकंदाचा गोल, याला कोच काय करणार?

२०१५ मध्ये हॅक्स्टॉल फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाकडे गेले आणि त्यांचेच सहायक ब्रॅड बेरी कोच झाले; तुम्ही म्हणता ते काढून टाकलेले कोच हेच. पहिल्याच वर्षी, २०१६ मध्ये, टॅम्पात क्विनिपियाकला ५-१ हरवून आठवं विजेतेपद. ब्रॉक बेसर, निक श्माल्ट्झ, ड्रेक कॅजिउला ही पहिली फळी त्या वर्षी कुणालाच आवरली नाही. खेळाडू बहुतेक आधीच्याच कारकिर्दीत निवडलेले. म्हणजे ज्या कोचने हा संघ घडवला त्याच्या नावावर एकही चषक नाही आणि ज्याने हातात घेतला त्याच्या नावावर पहिल्याच वर्षी. नुसते चषक मोजणाऱ्याने बेरी सरस म्हणायचं आणि हॅक्स्टॉल नापास. मी तसं कधीच म्हणणार नाही.

पण बेरींच्या पुढच्या नऊ वर्षांत काय झालं तेही बघा. संघ वर्षभर ज्या लीगमध्ये खेळतो, तिचं साखळी विजेतेपद त्यांनी २०१६ धरून एकूण पाचदा मिळवलं, त्यात एकदा डेन्व्हरबरोबर विभागून. ही लीग सोपी नाही, हे मोठं काम आहे. २०२० मध्ये संघ देशातल्या अव्वल संघांत होता आणि कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. ती सल तिथे अजून आहे. २०२१ मध्ये फार्गोत मिनेसोटा डुलुथविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली आणि मग पाचव्या ओव्हरटाइममध्ये ३-२ हरले. १४२ मिनिटांचा सामना, स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत लांब. याला दुर्दैव म्हणा, मी मान डोलवीन. मात्र २०१८, २०१९, २०२३ आणि २०२५ या चार वर्षी संघ सोळांत पोचलाच नाही. त्याआधी २००३ ते २०१७ अशी ओळीने पंधरा वर्षं संघ तिथे होता. आणि २०१६ च्या चषकानंतर राष्ट्रीय स्पर्धेत बेरींच्या संघाने जिंकलेला सामना एकच.

फरक इथे आहे. एका रात्रीची हार नशिबावर ढकलता येते. सोळांत न पोचणं ढकलता येत नाही, कारण तिथली निवड एका सामन्यावर होत नाही. सहा लीगचे सहा विजेते थेट आत, उरलेल्या दहा जागा वर्षभराच्या निकालांवरून गणिती सूत्राने ठरतात. समितीला कुणाचं नाव मोठं, कुणाची रिंक मोठी हे बघायची मुभा नाही. ऑक्टोबरमध्ये घरच्या बर्फावर दुबळ्या संघाशी झालेली हार मार्चमधल्या हारीइतकीच मोजली जाते. म्हणून दहा वर्षांत चारदा बाहेर राहणं हा संघाच्या दर्जाचा खरा दाखला आहे. विद्यापीठाने आतून काय विचार केला ते त्यांचं त्यांना माहीत; मी फक्त प्रेक्षकांच्या बाजूने सांगतेय. ‘२०१६ नंतर चषक नाही’ एवढ्याच कारणाने लोक चिडले असते तर मी बेरींची बाजू घेतली असती. ‘मार्चमध्ये आपण घरी का बसलोय?’ हे विचारणाऱ्यांची बाजू मात्र मला पटते.

आणखी एक गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. प्रेक्षक आपल्या संघाची तुलना इतिहासाशी कमी आणि शेजाऱ्याशी जास्त करतो. २०१६ ते २०२५ मध्ये नऊ विजेतेपदं दिली गेली (२०२० वगळून). त्यातली सात नॉर्थ डकोटाच्या लीगमध्येच गेली: २०१६ मध्ये ते स्वतः, मग २०१७ ला डेन्व्हर, २०१८ आणि २०१९ ला मिनेसोटा डुलुथ, २०२२ आणि २०२४ ला पुन्हा डेन्व्हर, २०२५ ला वेस्टर्न मिशिगन. यातल्या वेस्टर्न मिशिगनने राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामनाच २०२२ मध्ये जिंकला होता, आणि त्यांच्या रिंकमध्ये साडेतीन-पावणेचार हजार माणसं बसतात. ज्याने अकरा हजारांच्या रिंकमध्ये वर्षानुवर्षं तिकीट काढलंय, त्याने हे बघून ‘आमच्याकडे नेमकं काय कमी आहे?’ असं विचारलं तर त्याला हावरट कसं म्हणायचं?

आमच्याकडे सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाच्या दिवसांत एक आजोबा दर वर्षी स्वतः खिडकीवर येतात. ऑनलाइन करता येतं, त्यांना येतंही, पण ते येतात. गोलच्या मागे, काचेपासून सहाव्या रांगेत दोन खुर्च्या. बायको गेल्यावरही दुसरी खुर्ची त्यांनी सोडली नाही, नातवंडांना आळीपाळीने आणतात. एका वाईट मोसमानंतर मी विचारलं, या वर्षी घेणार का? त्यांनी कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाले, हरलेलं मला चालतं, पण शुक्रवारी हरल्यावर शनिवारी तीच चूक बघायला मी येत नाही. कॉलेज हॉकीचं वेळापत्रक ज्याला कळतं त्याला हे वाक्य बरोबर लागेल. इथे एकाच संघाशी शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ दोन सामने असतात. दोन्ही जिंकले तर स्वीप, एक-एक झाला तर स्प्लिट. घरच्या बर्फावरचा स्प्लिट प्रेक्षक हारच धरतात. शुक्रवारी समोरच्याने तुमची पॉवर-प्ले (त्यांचा खेळाडू पेनल्टीत बाहेर असताना तुमच्याकडे एक खेळाडू जास्त असतो तो वेळ) कशी कोंडली, हे शनिवारपर्यंत सुधारलं की नाही, यावरून अनुभवी प्रेक्षक कोचला जोखतो. माझ्या मते चषकांपेक्षा हा निकष कितीतरी चांगला आहे.

अपेक्षांचा उतावीळपणा अलीकडे वाढलाय, हेही खरं. त्याला नियमांमधले बदल कारणीभूत आहेत. पूर्वी कोच म्हणायचा, माझी पोरं अजून कोवळी आहेत, तीन वर्षं द्या. ते पटायचंही. आता खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळू शकतो, मधलं एक वर्ष बाहेर बसायची अट गेली. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडातल्या ज्युनिअर लीगचे खेळाडूही अमेरिकन कॉलेजांत खेळायला पात्र झाले. आधी त्यांना दार बंद होतं. खेळाडूंना पैसे मिळायला लागले. म्हणजे एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलता येतो, आणि हे प्रेक्षकाला कोचइतकंच ठाऊक आहे. त्यामुळे ‘तीन वर्षं थांबा’ ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही. मला ही घाई आवडत नाही, पण तिच्यात तर्क आहे हे मान्य करावं लागतं.

गुणवान खेळाडूंची नावं वाचून हुरळून जाण्याबद्दलही सांगते. जॉनथन टेव्झ नॉर्थ डकोटात दोनच मोसम खेळला आणि व्यावसायिक हॉकीत गेला. बेसरही दोन वर्षांत गेला. जितका खेळाडू मोठा तितका तो लवकर जातो. तिकडे छोट्या विद्यापीठांत तेवीस-चोवीस वर्षांची, अंगाने भरलेली, तीन-चार वर्षं एकत्र खेळलेली पोरं असतात आणि मार्चमध्ये ती अठरा-एकोणीस वर्षांच्या ताऱ्यांना जड जातात. २०२४ च्या अंतिम सामन्यात बोस्टन कॉलेजकडे व्यावसायिक संघांनी पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलांची रांग होती. गोल शून्य. यादीत ओळखीची नावं दिसली म्हणून मनातल्या मनात चषक उचलू नये.

आता एका गोष्टीवर मला अजिबात तडजोड करायची नाही. कोच पगार घेतो, त्याच्या डावपेचांवर बोला, तिकीट परत करा, क्रीडा संचालकाला पत्र लिहा. खेळाडूला मात्र हात लावायचा नाही. ज्या मुलाच्या हातून ओव्हरटाइममध्ये पक निसटली तो एकोणीस वर्षांचा असतो आणि सोमवारी त्याला थर्मोडायनॅमिक्सचा पेपर असतो. सामन्यांवर पैसे लावायचं प्रमाण वाढल्यापासून अशा मुलांच्या फोनवर येणाऱ्या शिव्या आणि धमक्या वाढल्यात, ही अमेरिकन कॉलेज खेळात उघडपणे मान्य झालेली काळजीची बाब आहे. तुमची मुलगी त्याच वर्गांत बसते. तिच्याशी याबद्दल जरूर बोला, कारण ती ओळखत असलेल्या मुलाबद्दलच लोक काय काय लिहितात हे तिला दिसत असणार.

राहिला नव्या कोचला किती वेळ द्यायचा हा प्रश्न. २०२५ मध्ये नेमलेले डेन जॅक्सन बाहेरचे नाहीत. ते याच संघाकडून खेळले आणि अनेक वर्षं इथेच सहायक होते. पण माझं उत्तर कुणाही नव्या कोचसाठी तेच राहील. पहिल्या वर्षी चषक आला म्हणून त्याला डोक्यावर घेऊ नका आणि पहिल्या फेरीत हरला म्हणून उतरवू नका. दोन मोसम सोळांत पोचतो का ते बघा. चार वर्षांच्या टप्प्यात किमान एकदा फ्रोझन फोर मागा. मगाच्या गणिताप्रमाणे ६५ टक्क्यांच्या संघाला तिथे पोचायची संधी पाच वर्षांत दोनदा असते, म्हणजे ही मागणी जड नाही. आपल्या रिंकमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुबळ्या संघांशी स्प्लिट किती झाले ते मोजा, कारण मार्चमधली जागा तिथेच गळते. सलग दोन वर्षं सोळांच्या बाहेर राहिला, तर मात्र ग्रँड फोर्क्सचे लोक जे प्रश्न विचारतील ते विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारले असते.